दसमीला बोलावलं होतं

करावे गावात त्या काळी पाण्याची वेळ तोंडपाठ नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. तिथी सांगा, की भरती कधी, ओहोटी कधी, जाळी कधी टाकायची आणि कधी वाळत घालायची, हे शेंबडं पोरही सांगून मोकळं व्हायचं. अमावास्येला आणि पुनवेला उधाण, अष्टमीपासून दशमीपर्यंत भांग. भांगाचं पाणी आळशी, चढतं तेही अर्धवट, म्हणून त्या दिवसांत होड्या घरी. तारखा होत्या, नाही असं नाही, पण त्या पगारवाल्यांच्या. "तारीक पगारवाल्यांनी बगावी, आमी पानी बगतो," असं गोजराबाई म्हणायची, आणि गोजराबाईच्या शब्दाला आडवं जायची गावात कुणाची छाती नव्हती. तिच्या मुलाची, जानूची, तर मुळीच नव्हती.

कमळी ही जानूची बायको. माहेर शिरवण्याचं. अंगाने काटकुळी, कमरेत अरुंद. लग्नात तिला हळद लावताना काशी सुईण "पोरीची हाडं लय बारीक" असं पुटपुटली होती, पण मांडवात सुईणीचं ऐकतो कोण? छप्पन साली पहिल्या खेपेला काशीचं म्हणणं खरं ठरलं. दोन दिवस आणि दोन रात्री कळा आल्या, मूल काही खाली सरकेना. तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली, तिथे पोट फाडून मूल काढलं. मुलगी होती. पोटातच गेली होती.

शुद्धीवर आल्यावर कमळीने मुलगा की मुलगी हे विचारलं नाही. "रडलं का?" एवढंच विचारलं. आयाने नकारार्थी मान हलवली आणि ती पलीकडच्या खाटेकडे निघून गेली.

पुढची तीन वर्षं कमळीला दुसरं काही सुचलं नाही. शेजारचं पोर भोकाड पसरायचं तेव्हा बायका वैतागायच्या. ही हातातली कोयती खाली ठेवून ऐकत बसायची. गावाने तिला अर्धवट ठरवून टाकलं. गावाचं काय जातं? तिला फक्त एकदा आपल्या पोटचं मूल रडताना ऐकायचं होतं, आणि यात वेडेपणा कसला, हे मला आजवर कळलेलं नाही.

अठ्ठावन्न साली तिला पुन्हा दिवस गेले. कमळीने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. मागच्या खेपेला इस्पितळातल्या पारशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पुढचं बाळंतपण घरी नाही, कळा देऊन नाही. आधीच भरती व्हायचं. जानू आईच्या तोंडाकडे बघत राहिला. गोजराबाई तोंडाने फाटकी होती, पण काळजाने नव्हती. "चल," ती म्हणाली, "मीच नेते तुला."

त्या भेटीतच सगळं घडलं, म्हणून ती नीट सांगायला हवी. पौष संपत आला होता. डॉक्टरीणबाईंनी कमळीला तपासलं, जुन्या व्रणावरून बोटं फिरवली आणि सासूला जवळ बोलावलं. बाईंचं मराठी बाजारात भाजी घेण्यापुरतं.

"कळा नाय पायजे. एक पण नाय," त्या म्हणाल्या. "कळा आला तर जुना टाका सुटेल. बच्चा पण जाईल, ही पण जाईल. कळाच्या आधी ऑपरेशन. समजला?"

"समाजला," गोजराबाई म्हणाली.

"मग येत्या दसला आणायचा."

गोजराबाईने मनातल्या मनात पाणी मोजलं. पुढचा महिना माघ, शुद्ध पक्ष. तिने खात्री करून घेतली. ती काही बेफिकीर बाई नव्हती. "दसमीला?"

"हां, हां. दस. दस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका पिवळ्या कार्डावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

परतताना होडीत गोजराबाई भलतीच खुशीत होती. "बाय शानी हाय हो," ती म्हणाली. "दसमीला भांग. जाली घरी, जानू मोकला. तिनी पान्याचा इचार करून दिस दिला." कमळीलाही पटलं. दोघींपैकी कुणालाही वाचता येत नव्हतं. कार्ड तांदळाच्या डब्यात गेलं.

माघाची अष्टमी उजाडली. सोमवार होता. कमळीने सकाळीच गाठोडं बांधायला घेतलं: दोन जुनी लुगडी, बाळाला गुंडाळायला मऊ फडकी, काशीने शिवून दिलेलं टोपडं. परवा दशमी. दारावरून शाळेचे वामन गुरुजी चालले होते. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी पोटी यायचं असं मागे कुणीतरी म्हटलं होतं, ते कार्डावर लिहिलंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिने डब्यातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

गुरुजींनी चष्मा वर केला, कार्ड उलटं-सुलटं केलं. "कमळाबाई, यावर दहा तारीख लिहिली आहे. फेब्रुवारीची दहा."

"हां, दसमी. परवा."

"दशमी नव्हे हो. दहा तारीख. मागचा मंगळवार. आज सोळा."

कमळीला आधी ते कळलंच नाही. मग ती उंबऱ्यावर बसली. इतके दिवस ती एकेक दिवस पुढचा म्हणून मोजत होती, आणि तो दिवस केव्हाच मागे पडला होता.

"आय!" तिने आत हाक मारली. "आय, दिस गेला! चला, आताच्या आता चला!"

सकाळचे नऊ वाजले होते. अष्टमीची भरती सहाला लागून गेली होती, पाणी उतरत होतं. पण अजून अर्धा-पाऊण तास होडी निघाली असती. हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. आणि नेमका तो पाऊण तास गोजराबाईने वाद घालण्यात घालवला. तिला दोष देणं सोपं आहे. पण आपण स्वतः, समोरासमोर, तोंडाने विचारून घेतलेली गोष्ट खोटी निघते, हे साठीच्या बाईच्या गळी इतक्या लवकर कसं उतरावं?

"गुरजी कालचा पोर. मी सोता इचारला होता तिला! दसमीला ना, बोल्ले. हां बोलली. एकदा नाय, दोनदा बोलली!"

"कागदावर लिवलंय, आय."

"कागद लिवनारा चुकतो. आज आठम, खाट तरी देतील का? आनी परवावर आलाय. सा दिस कलेबिगर गेले, आनखी दोन जातील."

"आनी आली तर? एक पन कल नको बोलली ना ती?" कमळी रडत नव्हती, तिचा आवाज नुसता चढत चालला होता. ती नवऱ्याकडे वळली. "अवो, तुमी तरी बोला!"

जानू दोन डगरींवर पाय ठेवून उभा. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं. शेवटी कमळीनेच गाठोडं उचललं आणि पोट सावरत बंदराची वाट धरली. तेव्हा कुठे जानू धावला. पण बंदरावर ते पोहोचले तेव्हा होडी गाळात बसली होती आणि पाण्याची रेघ पार लांब गेली होती.

सडकेने जायचं तर मोटार कुठली? बैलगाडीने पनवेल नाहीतर ठाणं, आणि त्या धक्क्यांनीच टाके सुटले असते. आता दुपारनंतरच्या पाण्याची वाट बघणं आलं. कमळी बंदरावरून हलायला तयार नव्हती. होडीच्या सावलीत जाळ्यांवर ती बसून राहिली. गोजराबाईने घरून पेज आणली, ती तिने घेतली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून ती आतल्या जिवाशी बोलत होती. "हलू नको रं. गप रव. पानी येऊ दे."

दीड वाजता पहिली कळ आली. तिने ती कुणाला सांगितली नाही. दुसरीही गिळली. तिसरीला तिच्या तोंडून आवाज निघाला आणि गोजराबाईचा चेहरा पांढरा पडला. त्या क्षणापासून म्हातारी एक शब्द बोलली नाही.

भांगाचं पाणी ते, चढायला तयार होईना. साडेतीनला कुठे खाडीचं तोंड भरलं. जानू आणि शेजारचा शिवा मांड्यांपर्यंत गाळात उतरले आणि कमळीसकट होडी ढकलायला लागले. होडी हातभर सरके, थांबे. म्हातारीही लुगडं खोचून गाळात उतरली आणि तिने खांदा लावला. जानू आईला "वर जा" म्हणाला, तर तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खोल पाण्याला लागल्यावर दोघांनी वल्ही मारली ती जीव तोडून. समोर ट्रॉम्बेच्या डोंगराखाली तेलाच्या कारखान्याचा जाळ दिसत होता. तो दिसायचा, पण जवळ येत नव्हता. कळा आता लागोपाठ येत होत्या. कमळीने दातांत पदर धरला होता. प्रत्येक कळ तिला एकच गोष्ट सांगत होती, ही एक पण नको होती, ही एक पण नको होती. ती जानूला म्हणाली, "मना काय बी होऊ दे. तो रडला पायजे. तुमी ऐका. मना सांगा."

ट्रॉम्बे बंदरावर तिला उचलून धक्क्यावर घेतली, आणि तिथेच पोटात काहीतरी चरकन फाटल्यासारखं झालं. ती एकदाच किंचाळली. त्यानंतर कळा थांबल्या. अगदी थांबल्या. पोट सैल पडलं.

गोजराबाईने तिथल्या तिथे हात जोडले. "एकवीरा पावली," ती म्हणाली. दुपारपासूनचा तिचा हा पहिला शब्द. "थांबल्या गो बाय, कला थांबल्या!"

कमळीला ते बरं वाटलं नाही. का, ते तिला सांगता येईना. अंगाला थंड घाम सुटला होता आणि आतल्या जिवाची हालचाल उजवीकडे, बरगडीखाली, भलत्याच जागी लागत होती. जानूने कुणाच्या तरी हातापाया पडून एक टॅक्सी मिळवली. इस्पितळात पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

दाराशी बसलेल्या सिस्टरने कार्ड पाहिलं आणि आवाज चढवला. "दहा तारीख लिहिली आहे इथं! आता येता? तुम्हा लोकांना—" ती पुढे बरंच बोलणार होती. तेवढ्यात गोजराबाई मध्ये पडली, जणू चांगली बातमी सांगावी तशी. "कला व्हत्या दुपारधरनं. आता थांबल्यात. ट्रॉम्ब्याला एकदम थांबल्या."

सिस्टरने कार्ड टाकलं आणि ती धावतच सुटली. पारशी डॉक्टरीणबाई आल्या त्याही धावत, पायांत एकच चप्पल. त्यांनी पोटाला हात लावला. गाडी, दिवे, जानूच्या अंगठ्याला लावलेली शाई, सगळं एकदम झालं. कमळीच्या तोंडावर भुलीच्या औषधाची जाळी धरली तेव्हा तिने शेवटचा जोर लावून डॉक्टरीणबाईंचं मनगट पकडलं. "मना झोपवू नका बाय. मना ऐकायचंय." पण औषधाचा वास नाकात भरला आणि तिची बोटं सुटली.

तिला पुरती जाग आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. बायकांचा लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेजवळ पाळणा. तिच्या खाटेजवळ नव्हता. तिने आधी तिकडेच पाहिलं, आणि मग विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी तिने विचारलं. कालचीच सिस्टर उशाशी उभी होती, आता तिचा आवाज खाली आला होता.

"मुलगा होता. जुना टाका सुटला होता, मूल पिशवीबाहेर आलं होतं. तुला वाचवायला पिशवी काढावी लागली."

"रडला का?"

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. "एकदा," ती म्हणाली. "एकदाच रडला. चांगला मोठ्याने. मग दहा-पंधरा मिनिटांनी गेला."

कमळीने डोळे मिटले. मूल रडलं होतं, आणि ती तिथे असून तिने ऐकलं नव्हतं. जानू बाहेर व्हरांड्यात होता, दोन दारांपलीकडे. त्यानेही ऐकलं नव्हतं. त्या मुलाचं सगळं आयुष्य पंधरा मिनिटांचं, त्यातला आवाज एकच, आणि तो एका अनोळखी पोरीच्या कानांत राहिला. "कसा रडला?" तिने विचारलं. सिस्टर काय सांगणार बिचारी? ती कमळीचे केस नीट करत बसली आणि बोलता बोलता, बरं वाटावं म्हणून, जे सांगायला नको होतं ते सांगून बसली.

"मागच्या मंगळवारी तुझ्यासाठी हीच खाट लावली होती आम्ही. नवी चादर घातली होती. चार वाजेपर्यंत कुणाला दिली नाही. बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, करावेवाली आली का म्हणून."

त्या मंगळवारी चार वाजता कमळी अंगणात बसून जवळा चाळत होती. ऊन चांगलं होतं. पोटातला जीव लाथा मारत होता आणि ती त्याला म्हणत होती, "दसमीपर्यंत थांब."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई एकट्या आल्या आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. गोजराबाई जमिनीवर भिंतीला टेकून होती. बाईंनी रागावून नाही, थकून विचारलं, "का नाय आला? मी दस बोलला होता."

"दसमीला बोलावलंत ना," कमळी म्हणाली. "आज हाय दसमी. आय बोलली, दसमीला? तुमी हां बोल्लात."

बाईंना काही समजेना. मग सिस्टरने त्यांना समजावलं, की दशमी म्हणजे दहा तारीख नव्हे, ती चंद्रावरची तिथी, गावाकडची माणसं तिनेच दिवस मोजतात. बाईंनी गोजराबाईकडे पाहिलं. गोजराबाईने त्यांच्याकडे पाहिलं. एकीने विचारलं होतं, दुसरीने उत्तर दिलं होतं, आणि दोघीही खरं बोलल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मी हां बोलला," त्या पुटपुटल्या.

त्याच संध्याकाळी कमळीला पान्हा फुटला. पाजायला कुणी नव्हतं. आयाने फडक्याने छाती आवळून बांधली. शेजारच्या खाटेवरचं पोर रडलं की बांधलेलं फडकं ओलं व्हायचं. ज्या रडण्यासाठी ती तीन वर्षं कान लावून बसली होती, ते आता तिला चारी बाजूंनी ऐकू येत होतं आणि कान झाकायला हात वर होत नव्हते.

घरी आल्यावर गोजराबाईने सुनेला कधी दोष दिला नाही की सुनेने सासूला. मात्र त्या दिवसापासून मरेपर्यंत म्हातारीच्या तोंडातून "दसमी" हा शब्द निघाला नाही. भांग कधी संपतो असं कुणी विचारलं, तर ती "नवमीचा दुसरा दिस" असं म्हणायची. नव्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. जुन्या बायका त्यांना डोळ्यांनी गप्प करायच्या.

आणि कमळी? कमळीने वामन गुरुजींकडून एक छापील दिनदर्शिका आणून खांबाला अडकवली आणि त्यांच्याकडून आकडे शिकून घेतले, अक्षरं नाही, नुसते आकडे. गावात कुणाला दिवस गेले की ती त्या घरी हजर. डॉक्टरचं कार्ड मागायची, आकडा बघायची, आपल्या दिनदर्शिकेवर त्या चौकोनाला कुंकू लावायची आणि आदल्या दिवशी जाऊन दार ठोठावायची. ज्या घरात पाळणा हलायचा त्या घरी वांझ बाई आली म्हणून काहींनी नाकं मुरडली. तिने ती मुरडू दिली.

सदुसष्ट साली शिवाच्या सुनेचं, शांतीचं, मूल पोटात आडवं आहे असं निघालं. ऑपरेशन करावं लागणार होतं. कमळी बरोबर गेली, त्याच इस्पितळात. पारशी बाई निवृत्त झाल्या होत्या. आता एक तरुण, चटपटीत, चांगली मराठी बोलणारी डॉक्टरीण होती. ती शांतीला म्हणाली, "बाराला या. सकाळी सातला, उपाशी पोटी."

"तारीक का तीथ?" कमळीने मागून विचारलं.

"काय?"

"बारा तारीक, का बारस?"

डॉक्टरीण हसायला लागली. शेजारच्या सिस्टरकडे बघून म्हणाली, "अहो, हे इस्पितळ आहे, देऊळ नाही!" बाकावरच्या बायकाही हसल्या. शांतीने लाजेने मान खाली घातली.

"हसा बाय, हसा," कमळी शांतपणे म्हणाली. "पन आदी सांगा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, डॉक्टरिणीचं हसू ओसरलं. "तारीख," ती म्हणाली. "बारा तारीख. गुरुवार."

गुरुवारी सकाळी सातला कमळी शांतीला घेऊन दारात उभी होती. शांतीला आत नेल्यावर ती बाहेर जमिनीवर बसली, दाराला कान लावून. तासाभराने आतून रडणं ऐकू आलं. शांतीची सासू आनंदाने उठून धावली. कमळी उठली नाही. ती बोटांवर मोजत होती. एकदा. दोनदा. तीनदा. मग मोजणं सुटलं, कारण ते पोर थांबायला तयारच नव्हतं. आयाने दार उघडून "मावशी, मूल बघायला या की" म्हटलं, तर तिने हातानेच "थांब" अशी खूण केली, आणि रडणं पुरतं थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.